परसातल्या सफरचंदाला फूल येत नाही? या चुका टाळा

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसच्या मागील अंगणात लावलेले सफरचंदाचे झाड चार वर्षे नुसते पानांनी भरून राहिले आणि त्या काळात मी ज्या चुका केल्या, त्याच चुका ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक हौशी बागायतदारांकडून होताना मला दिसतात. सफरचंदाला थंडी लागते एवढेच आपण ऐकलेले असते आणि सगळी खटपट ती थंडी पुरवण्यासाठी चालते.

पहिली चूक जातीच्या निवडीतली. काश्मीर-हिमाचलात पिकणाऱ्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालील साधारण ८०० ते १,२०० तास मिळावे लागतात आणि आपल्याकडे जानेवारीतही पारा तिथवर उतरत नाही. म्हणून हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मा यांनी विकसित केलेली एचआरएमएन-९९, इस्रायलमधील ॲना किंवा बहामातील डॉर्सेट गोल्डन या कमी थंडीत भागवून घेणाऱ्या जातीच इथे विचारात घ्याव्यात. बाजारातल्या फळाची बी रुजवून वाढवलेले रोप फुलायला सहा ते दहा वर्षे घेऊ शकते आणि त्यातून कोणती जात निघेल याची खात्री नसते, तर कलम दोन-तीन वर्षांत फुलू शकते. माझे पहिले रोप ‘कलम’ म्हणूनच विकले गेले होते, परंतु त्याच्या खोडावर जोडाची गाठ कुठेच नव्हती, हे मला फार उशिरा लक्षात आले.

मुळांशी बर्फ टाकणे ही दुसरी चूक, आणि ती आमच्या वसाहतीत दरवर्षी डिसेंबरात होतेच. थंडीची नोंद फांदीवरील डोळे (पाने-फुले जिथून फुटतात ते कोंब) घेतात, मुळे नव्हे. त्यामुळे बर्फाने फक्त माती गार होते आणि फुलोऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

खरी गोष्ट अशी की थंडी देता येत नसेल, तर झाडाला गाढ झोपेत जाऊच न देता ठरावीक वेळी जागे करता येते. डाळिंबाचा बहार धरणारा आपला शेतकरी पाण्याचा ताण आणि पानगळ यांच्या साहाय्याने जवळपास हेच करतो, आणि इंडोनेशियातील बाटू भागात सफरचंदाची पाने हाताने काढून वर्षाला दोन पिके घेतली जातात. म्हणून पाने हिरवीगार दिसतात एवढ्यावर समाधान मानून ती झाडावर तशीच ठेवणे ही माझ्या मते इथली सर्वांत मोठी चूक आहे. डिसेंबरच्या मध्यापासून दोन-तीन आठवडे पाणी कमी करावे, मात्र झाड मलूल होऊ देऊ नये. जानेवारीच्या सुरुवातीला सगळी जून पाने काढावीत. पान खाली ओढले की सालीसह डोळाही सोलून निघतो, हे मी पहिल्याच फांदीवर अनुभवले; तेव्हापासून मी कात्रीने देठ अर्धा ठेवूनच पान कापतो आणि उरलेला देठ काही दिवसांत आपोआप गळतो. त्यानंतर कुजलेले शेणखत घालून भरपूर पाणी दिले की साधारण तीन ते चार आठवड्यांत डोळे फुगू लागतात. याच वेळी बहार धरला तर फळे जोराच्या पावसाआधी तयार होण्याची शक्यता राहते.

पाने काढताना हाती कात्री असतेच, म्हणून फांद्यांचे शेंडेही छाटून टाकण्याचा मोह होतो आणि वर्षाची मेहनत तिथेच वाया जाते. फुलाचे डोळे आदल्या हंगामातच तयार झालेले असतात आणि ते प्रामुख्याने बोटभर लांबीच्या, सुरकुतलेल्या आखूड फांद्यांवर असतात. टपोरा, लवदार डोळा फुलाचा आणि फांदीला चिकटलेला बारीक डोळा पानाचा, अशी ओळख पटल्याशिवाय कापू नये. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि जोडाच्या खालून फुटलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. सरळ आकाशाकडे धावणाऱ्या फांद्या तोडण्याऐवजी सुतळीने ओढून आडव्या बांधल्यास त्यांची वाढ मंदावते आणि पुढच्या हंगामासाठी फुलाचे डोळे धरतात.

पावसाळ्यानंतर युरिया देणे टाळावे, कारण नत्राने नुसती लुसलुशीत फूट येते. इमारतीच्या सावलीत किमान सहा तासांचे ऊन मिळत नसेल, तर बाकी सगळे उपाय फुकट. आळ्यात पाणी साचल्यास मुळे कुजतात, त्यामुळे जूनपूर्वीच आळे मोडून बुंध्याभोवती मातीचा उंचवटा करावा आणि कलमाचा जोड मातीच्या वर राहील याची काळजी घ्यावी.

फुलल्यावर फळही हवे असेल, तर ॲनाजवळ डॉर्सेट गोल्डन लावण्याची पद्धत आहे, कारण परागीकरणासाठी दुसरी जात असलेली बरी. मात्र दोन्ही झाडांची पाने एकाच दिवशी काढावीत, नाहीतर एकाचा बहर सरून गेल्यावर दुसऱ्याच्या कळ्या उमलतात.