स्काचं गाणं बसवताना

चार मात्रांचा ठेका, तीन-चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), ट्रंपेट-सॅक्सोफोनची दोन ओळींची धून. कागदावर स्का, म्हणजे जमैकातलं नाचाचं संगीत, सोपा दिसतो. तरीही नव्या बँडचं गाणं बऱ्याचदा जड वाजतं. सूर कुठे सुरू करायचा हे सगळ्यांचं ठरलेलं असतं, तो कुठे तोडायचा हे कोणीच ठरवलेलं नसतं.

आधी कोणता स्का वाजवायचा ते पक्कं करा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या किंग्स्टनमध्ये हे संगीत घडलं ते जॅझमध्ये मुरलेल्या वादकांच्या हातून. त्यातले कित्येक तिथल्या अल्फा बॉइज स्कूल या शाळेत शिकलेले होते. १९६४मध्ये जमलेल्या 'स्कॅटलाइट्स' या बँडच्या वाद्यरचनांमध्ये हॉर्न (ट्रंपेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन ही फुंकून वाजवायची वाद्यं) हेच मुख्य गायक आहेत. १९७९नंतर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतून आलेला टू-टोन स्का जास्त वेगवान, गिटार पुढे आणणारा. पहिल्या वाटेनं जायचं तर ढोबळपणे मिनिटाला ११० ते १३० ठोके पुरतात. दोन्हींची खिचडी सुरुवातीलाच करू नये.

गिटार

चार मात्रा 'एक-आणि-दोन-आणि' अशा मोजा. गिटार फक्त 'आणि'वर वाजते, तीही खालून वर जाणाऱ्या फटक्यानं. मात्रेवर हात खाली येतोच, पण तारांना न लागता. हा रिकामा फटका गाळला की पुढचा हमखास लवकर पडतो.

उघड्या तारांच्या कॉर्ड इथे कामाच्या नाहीत, कारण बोटं सैल केली तरी मोकळी तार वाजतच राहते. वरच्या तीन बारीक तारांवरचे दाबलेले आकार घ्या. तिसरी, दुसरी, पहिली तार या क्रमानं पडदे असे: जी मेजरला ४-३-३, सी मेजरला ५-५-३, डी मेजरला ७-७-५, ए मायनरला ५-५-५, ई मायनरला ४-५-३. सगळं तिसऱ्या ते सातव्या पडद्यात बसतं, हात फार हलत नाही.

फटका बसताच डाव्या हाताचा दाब काढा, पण बोटं तारेवरून उचलू नका. पूर्ण उचलली तर तार गुणगुणते. दाब उशिरा निघाला तर दोन फटक्यांमधली मोकळी जागा भरून जाते आणि ठेका चिखलात रुतल्यासारखा होतो. ब्रिजकडचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग), स्वच्छ आवाज, रिव्हर्ब (घुमारा) जवळजवळ शून्य. डिस्टॉर्शन (फाटका, खरखरीत आवाज) नकोच, त्यात सूर तुटल्याचं कळतच नाही.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे ठेका उलटणं: गिटारवाला नकळत 'आणि'लाच मात्रा समजू लागतो आणि पुढच्या ओळीत सगळे वेगवेगळ्या समेवर येतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच लागू पडतो. मेट्रोनोम ९०वर लावा, त्याची टिकटिक मात्रा न मानता 'आणि' माना आणि पायानं मधल्या जागी मात्रा धरा. पाच मिनिटं पाय डगमगला नाही की वेग चार-चारनं वाढवा.

ड्रम आणि बेस

जुन्या पद्धतीत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअरच्या (समोरच्या छोट्या ड्रमच्या) कडेवरचा ठोका एकत्र पडतो. 'स्कॅटलाइट्स'चे ड्रमर लॉइड निब यांचं वादन ऐकलं की हे स्पष्ट होतं. पहिल्या मात्रेवर किक मारायची रॉकची सवय आधी मोडावी लागते. हाय-हॅट (झांजांची जोडी) गिटारसोबत 'आणि'वर. गाणं पळायला लागलं तर बहुधा गिटार पुढे ओढत असते. तेव्हा सगळ्यांनी कान हाय-हॅटकडे द्यायचे.

बेस गिटारच्या बरोबर उलट वागतो: प्रत्येक मात्रेला एक स्वर, पूर्ण लांबीचा. जी कॉर्डवरून सी कॉर्डकडे जाताना जी-बी-डी-बी वाजवा. शेवटचा बी सीच्या अर्धा स्वर खाली असल्यानं कॉर्ड बदलतेय हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं.

हॉर्न

इथे पट्टीचं भांडण होतं. गिटारवाल्याला ई आवडतो. पण ट्रंपेट आणि सॅक्सोफोनचे स्वर कागदावर ऐकू येतात त्याहून वेगळ्या पट्टीत लिहितात. त्यामुळे ईमध्ये ट्रंपेट आणि टेनर सॅक्सोफोनला सहा शार्प (स्वर चढवायच्या खुणा) वाचावे लागतात, आल्टो सॅक्सोफोनला सात. तेच गाणं एफमध्ये नेलं तर एक आणि दोन. बी-फ्लॅटमध्ये शून्य आणि एक. वरचे दाबलेले आकार घेतले असतील तर ईवरून एफला जायला गिटारला एक पडदा वर सरकायचंय, बस्स. ट्रॉम्बोनला मात्र खऱ्या पट्टीतलेच स्वर लिहून द्या, ट्रंपेटचा कागद नको.

जलद धून तिघांनी एकाच सुरात, किंवा सप्तकाच्या अंतरानं, वाजवावी. लांब सुरांवर मात्र वाटणी करा: ट्रंपेटकडे धून, टेनरकडे तिच्याखालचा कॉर्डचा स्वर, ट्रॉम्बोनकडे उरलेला. प्रत्येक लांब सुराच्या खाली 'तीनवर बंद', 'चारच्या आणिवर बंद' असं लिहाच. नाहीतर तिघं तीन ठिकाणी सोडतात आणि दोष सुराचा वाटतो. हॉर्नची तालीम गिटार-ड्रमशिवाय वेगळी घ्या.

सूर मिळवण्याआधी दहा मिनिटं फुंकून वाद्य गरम करा. थंड वाद्य उतरलेलं असतं, गरम होताना चढतं. दिव्यांखाली गिटारच्या तारा मात्र उतरतात. म्हणून तीन-चार गाण्यांनंतर सगळ्यांनी कीबोर्डशी पुन्हा जुळवून घ्यावं.

गाण्यांचा क्रम गायकानं एकट्यानं ठरवू नये. वरच्या सप्तकातली तीन गाणी लागोपाठ आली की ट्रंपेटवाल्याचे ओठ थकतात आणि चौथ्या गाण्यात सूर फाटतात. दोन उंच गाण्यांनंतर ट्रॉम्बोनचं किंवा ऑर्गनचं सोलो ठेवा. मंचावर ट्रॉम्बोनपुढे त्याची सरकती नळी पूर्ण लांबवता येईल इतकी जागा सोडा, आणि माइकचा स्टँड तिच्या वाटेतून बाजूला ठेवा.