डी आणि एल वेगळे होत नाहीत? कॉलम बदलण्याआधी रेणू बघा

अमिनो आम्लांची डी आणि एल ही रूपं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असतात, ती वेगळी करायला द्रव क्रोमॅटोग्राफीत (एचपीएलसी) खास कॉलम लागतो. प्रोलीन या अमिनो आम्लाचं एकच पीक येतंय आणि तेही जवळजवळ डेड टाइमलाच (न अडता पदार्थ कॉलममधून बाहेर पडतो ती वेळ), ही क्राउन ईथर कॉलम वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार. मग फ्लो कमी करून बघतात, तापमान उतरवतात, शेवटी कॉलमच खराब म्हणून मोकळे होतात. कॉलम बिचारा ठणठणीत असतो. चूक प्रोलीनला तिथे नेण्यात झालेली असते.

क्राउन ईथरच्या कड्यात सहा ऑक्सिजन असतात. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) पीएच १ ते २ ची, बहुधा परक्लोरिक आम्लाची. तिथे अमिनो गटाला प्रोटॉन मिळतो, त्याचे तीन हायड्रोजन होतात आणि ते एकाआड एक ऑक्सिजनला धरून कड्यात बसतात. तीन दगडांच्या चुलीवर भांडं जसं पक्कं बसतं, तसं. प्रोलीनचा नायट्रोजन मात्र स्वतःच्याच पंचकोनी कड्यात अडकलेला. प्रोटॉन मिळूनही हायड्रोजन दोनच. बॉक किंवा एफमॉक हे संरक्षक गट लावलेल्या अमिनो आम्लांचीही तीच गत: मोकळा अमिनो गटच नाही, तर कडं धरणार काय?

याच कॉलमवरची दुसरी चूक म्हणजे सवयीने घेतलेला पोटॅशियम फॉस्फेट बफर. पोटॅशियमचा आयन या कड्यात अगदी चपखल मावतो, त्यामुळे तुमच्या रेणूची जागा तोच अडवतो. सॅम्पल कोणत्या बफरात विरघळवलंय तेही तपासा. आणि ट्रिप्टोफॅन लवकर बाहेर पडावं म्हणून मेथनॉल वाढवत सुटू नका. क्राउनपॅक सीआर(+) या कॉलममध्ये क्राउन ईथर नुसतं लेपलेलं आहे, म्हणून मेथनॉलची मर्यादा १५ टक्के. त्यापुढे लेपच धुऊन निघतो.

मग प्रोलीनचं करायचं काय? टायकोप्लॅनिन या प्रतिजैविकाचा कॉलम घ्या किंवा तांब्याच्या आयनावर चालणारा लिगँड एक्स्चेंज. पण टायकोप्लॅनिनची मागणी उलटी: त्याला मोकळा कार्बॉक्सिल गट हवा. हे प्रतिजैविक जिवाणूंच्या भिंतीतल्या डी-ॲलानिल-डी-ॲलानिन या टोकाला पकडतं, त्याच खोबणीत आपलं अमिनो आम्ल अडकतं. म्हणून डी रूप जास्त वेळ थांबतं, एल आधी निघतं. अमिनो आम्लाचं एस्टर किंवा अमाइड केलेलं असेल, तर ही पकड सुटते. क्राउन ईथरला मात्र एस्टर चालतं, कारण त्याला लागतो तो अमिनो गट. थोडक्यात, रेणूचं कोणतं टोक झाकलेलं आहे यावर कॉलम ठरतो. कॅटलॉगमधलं ‘सर्व अमिनो आम्लांसाठी’ हे वाक्य माझ्या मते जाहिरात म्हणूनच वाचावं.

एल जवळजवळ शुद्ध आहे आणि त्यात डी किती, एवढंच बघायचं असेल, तर टायकोप्लॅनिनवर डीचं इवलंसं पीक एलच्या शेपटाखाली गाडलं जातं आणि इंटिग्रेशन म्हणजे निव्वळ अंदाज होतो. सीआर(+) वर डी आधी येतं, म्हणून अशा कामाला तो बरा. अर्थात प्राथमिक अमिनो गट (–NH₂) असेल तरच.

सगळ्यांत महागात पडतं ते आयसोल्युसिन. त्यात किरल कार्बन (चार वेगळे गट जोडलेले) दोन, त्यामुळे रूपं चार: एल, डी, एल-ॲलो आणि डी-ॲलो. पेप्टाइडचं हायड्रोलिसिस करताना (६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ११० अंश, २४ तास) उलटतो तो फक्त अल्फा कार्बन (कार्बॉक्सिलला लागून असलेला). म्हणजे एल-आयसोल्युसिनपासून डी-आयसोल्युसिन होत नाही, डी-ॲलो-आयसोल्युसिन होतं. तरी लोक डी-आयसोल्युसिनचं स्टँडर्ड लावतात, त्या जागी पीक दिसत नाही आणि ‘रेसिमायझेशन नाही’, म्हणजे एल रूप उलटलेलं नाही, असा रिपोर्ट जातो. पीक शेजारीच उभं असतं, अनोळखी म्हणून सोडून दिलेलं. गंमत म्हणजे एल आणि डी-ॲलो हे एनँशिओमर (आरशातली प्रतिबिंबं) नव्हेत, डायस्टीरिओमर (प्रतिबिंब नसलेली रूपं) आहेत. ते साध्या सी-१८ कॉलमवरही वेगळे होऊ शकतात. थ्रिओनिनचंही हेच. आणि ‘डीएल-आयसोल्युसिन’ लिहिलेली बाटली घेताना लेबल नीट वाचा, काहींत ॲलो रूपंही मिसळलेली असतात.

आर-एस (गटांच्या अग्रक्रमावरून रूप सांगण्याची दुसरी पद्धत) आणि डी-एल यांची सांगड डोळे झाकून घालू नका. एल-सेरीन एस आहे, पण एल-सिस्टीन आर. गंधकामुळे बाजूच्या साखळीचा अग्रक्रम कार्बॉक्सिलच्या वर जातो, बाकी रचना तीच.

डेरिव्हेटायझेशन (अमिनो आम्लाला आधी अभिकर्मक जोडणं) करणाऱ्यांनीही आधी अमिनो गट मोजावेत. ओपीए (ऑर्थो-थॅलाल्डिहाइड) आणि एन-ॲसिटिल-सिस्टीन ही जोडी फक्त प्राथमिक अमिनो गटाला लागते, तेव्हा प्रोलीन इथेही गायब. मार्फीच्या अभिकर्मकाला (१९८४) प्रोलीन चालतं, पण लायसिनला दोन अमिनो गट असल्याने अभिकर्मक कमी पडला की एकेरी आणि दुहेरी अशी दोन्ही डेरिव्हेटिव्ह येतात. ३४० नॅनोमीटरवर चार-पाच पीक दिसू लागली की अशुद्धीचा शोध घेण्याआधी अभिकर्मकाचं प्रमाण वाढवून बघा.

आणि दुसऱ्या एखाद्या अमिनो आम्लात एल आधी आलं, म्हणून यातही येईल असं धरू नका. शुद्ध एकच रूप सॅम्पलमध्ये टाका आणि कोणतं पीक वाढतं ते बघा.