भिंतीपलीकडचं पातेलं : पहिलं कौटुंबिक नाटक बसवताना

आमच्या नाटकाचा शेवट दुरुस्त केला तो प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या काकांनी. प्रयोगाला महिना होता. पहिली सलग तालीम संपली होती आणि आईची भूमिका करणाऱ्या ताईंच्या अडीच मिनिटांच्या स्वगतानं आम्ही सगळेच भारावून गेलो होतो. काका मागच्या बाकावर बसून वहीत क्यू, म्हणजे प्रकाश बदलायच्या जागा, उतरवत होते. जाताना म्हणाले, "ताई, भाषण ब्येस झालं. पण ते पातेलं तिकडंच राहिलं की."

कथा अशी होती. कृष्णाकाठचं गाव. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन सख्खे भाऊ दोन पॅनेलमध्ये जातात, आणि निकालानंतर सोप्याच्या मधोमध भिंत उभी राहते. आई सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. पहिल्या अंकात धाकटी जाऊ सासूसाठी भिंतीवरून पातेलंभर खीर देते. थोरली ते पातेलं घासून फळीवर ठेवते आणि ते तिथंच राहतं. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं आणि भरून द्यायला तिचं मन होत नाही. लेखकानं ही गोष्ट सहज लिहून टाकली होती. मीही पहिल्या अंकातला एक हशा एवढंच तिच्याकडं पाहिलं होतं. दुसऱ्या अंकात महापुराच्या रात्री सगळे एकाच माळ्यावर चढतात, आई एकोप्यावर बोलते, पडदा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पातेलं आठ महिने फळीवर आहे आणि आम्ही भाषणावर पडदा पाडतोय!

तुम्ही पहिल्यांदा असं नाटक निवडत असाल तर संहिता हातात घेऊन एक काम करा. कुणीतरी स्वतःला तोशीस लावून दुसऱ्यासाठी काही करतं, अशा प्रत्येक जागेवर पेन्सिलीनं खूण करून ठेवा. खुणा फक्त संवादांवर पडत असतील तर लेखकाबरोबर बसा आणि हे सगळं लवकर करा. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, आणि प्रयोग त्याच संहितेबरहुकूम व्हायला हवा. लेखकाची परवानगीही लेखी घ्या, तो जिवलग मित्र असला तरी.

आम्ही स्वगत काढलं. ताईंना फार लागलं. पंचवीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढलेल्या नटीकडून तिची सगळ्यात मोठी जागा काढून घेणं म्हणजे काय, ते मला तिच्या घरी चहा पिताना कळलं. तीन दिवस त्या तालमीला आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "मी काहीच बोलत नाही. मी नुसती पातेल्याकडं बघते. थोरली मला बघताना बघंल." आमचा आत्ताचा शेवट त्यांचा आहे. पूर ओसरल्यावर थोरली चिखलातलं पातेलं पुसते, त्यात गूळ-शेंगदाणे भरते आणि भिंतीवर ठेवते. नाव घेत नाही, हाक मारत नाही. पलीकडून हात येतो.

माझी मोठी चूक मात्र भावांच्या बाबतीत झाली. मला धाकटा पटत होता. त्याची मतं माझी मतं होती. त्यामुळं थोरल्याच्या वाक्यांकडं मी लक्षच दिलं नाही. तो नुसता तावातावानं ओरडायचा आणि मी तालीम तशीच पुढं चालू ठेवायची. अशा नाटकात एक बाजू दुबळी ठेवली की समोर बसलेले निम्मे प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत गमावले म्हणून समजा. आपल्याला इथं शिकवायला बोलावलंय, असं त्यांना वाटतं.

उपाय मला आमच्या सांगलीच्याच इतिहासात सापडला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' सादर केलं. त्यांच्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं बरीचशी उत्स्फूर्त करायची. शाळेत मुलांना हे मी कित्येक वर्षं शिकवत आले, तालमीत वापरायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. आम्ही तीन दिवस संहिता बाजूला ठेवली आणि दोघा नटांच्या भूमिका बदलल्या. धाकट्याचं काम करणाऱ्यानं थोरल्याचा राग स्वतःच्या शब्दांत मांडायचा. तिसऱ्या दिवशी तो बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "बाप गेल्यावर शाळा सोडली ती यानंच की. ह्याला कुणी इचारलंच न्हाई." हे वाक्य संहितेत नव्हतं. लेखकानं ते थोरल्याच्या तोंडी घातलं, आणि त्यानंतर थोरला एकदाही ओरडला नाही.

तालमीच्या ग्रुपवर खऱ्या राजकारणाचे मेसेज यायला लागले तेव्हा मी स्पष्ट सांगितलं : इथं फक्त तालमीची वेळ. बाकीचं समोरासमोर, चहाच्या गाड्यावर. दोघं चिडले, पण राहिले.

आता भिंत. रंगमंचाच्या मधोमध खरीखुरी उभी भिंत घातली तर डाव्या कडेच्या प्रेक्षकाला उजवं घर दिसत नाही आणि उजव्या कडेच्याला डावं. हे मला पहिला आराखडा काढल्यावर कळलं. शेवटी भिंत पुढं गुडघ्याइतकी ठेवली, मधे कमरेइतकी, मागं जाईल तशी उंच. बांधकाम अर्धवट राहिल्यासारखी. खीर देणं-घेणं मधल्या भागावरून. तुमच्या नेपथ्याचा आराखडा झाला की नाट्यगृहात पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर बसून बघा, मग सुताराला पैसे द्या.

प्रकाशातही अशीच गफलत केली होती. थोरल्याच्या घरात निळसर उजेड, धाकट्याच्या घरात पिवळा ऊबदार. कोण चांगला आणि कोण वाईट, हे कुणी तोंड उघडायच्या आधीच आम्ही सांगून टाकत होतो. काकांनी न बोलता दोन्ही घरांना एकच फिल्टर लावला.

आणि पूर. मी गडगडाट, कोसळणारं पाणी, किंकाळ्या असं सगळं ध्वनिमुद्रण गोळा केलं होतं. नटांपैकी एक गावभागातला, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीतला. तो म्हणाला, "आपल्याकडं पूर असा येत न्हाई ताई." खरंच आहे. कृष्णेचं पाणी आवाज न करता चढतं. सांगलीकर पूर मोजतात तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, फुटांत. ४५ फुटांना धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, आणि ते दिवस प्रेक्षागृहातल्या प्रत्येक घरानं काढलेले आहेत. आम्ही सगळे आवाज काढून टाकले. माळ्यावर अंधार, एक विजेरी, आणि धाकटा फोनवर ऐकून मोठ्यानं सांगतो : "त्रेचाळीस." थोडा वेळ शांतता. "पंचेचाळीस." पहिल्या प्रयोगात त्या आकड्याला प्रेक्षकांतून एका बाईंचा हुंदका ऐकू आला. थोरला पहिल्यांदा धाकट्याशी बोलतो तो याच जागी, आणि बोलतो ते एवढंच : "बॅटरी किती ऱ्हायलीया?"

त्या वाक्याला पॉज द्यायचा मोह होतो. देऊ नका. आठ महिन्यांचा अबोला मोडतोय हे नटानं दाखवायला गेलं की ते खोटं वाटतं. त्याला खरोखर बॅटरीची काळजी असू दे.

मंचसामग्री सांभाळणाऱ्याला मात्र एक गोष्ट निक्षून सांगा. आमच्या दुसऱ्या प्रयोगात घाईत पातेल्यात खाली कागद कोंबून वर मूठभर शेंगदाणे पसरले होते. थोरलीनं ते भिंतीवर ठेवलं, धाकटीनं उचललं, आणि हात झटकन वर गेला. मागच्या रांगेपर्यंत कळलं की पातेलं हलकं आहे. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला दोन किलो गूळ-शेंगदाणे विकत आणतो आणि पातेलं काठोकाठ भरतो. तिला ते दोन्ही हातांनी उचलावं लागतं.