जुनी ऑटोमॅटिक स्कोडा रॅपिड किंवा फोक्सवॅगन व्हेंटो घेताय? आधी गिअरबॉक्स बघा

एक म्हणतो घेऊ नको, खर्चात जाशील, दुसरा म्हणतो डोळे मिटून घे. दोघांचंही सोडा. १.५ डिझेलचं इंजिन दणकट आहे, धास्ती असते ती सात गिअरच्या डीएसजीची, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. १.६ पेट्रोल रॅपिडमध्ये सहा गिअरचा साधा ऑटोमॅटिक येतो, त्याला पुढचं लागू नाही.

बॉडी, टायर, एसी तुम्ही बघालच. गाडी किनाऱ्याकडे उघड्यावर राहिली असेल तर लिफ्टवर चढवून खालचा गंज बघा. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा.

आता गिअरबॉक्स. गाडी दिवसभर उभी असेल अशी संध्याकाळ ठरवा आणि मालकाला सांगा, आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा, गरम लागलं तर सरळ घरी. थंड गाडीत ब्रेक दाबून डी, मग आर, परत डी. गिअर उशिरा लागला किंवा धाडकन लागला तर तिथेच थांबा. यात दोन क्लच असतात, एकावर १-३-५-७ आणि दुसऱ्यावर २-४-६ आणि रिव्हर्स, त्यामुळे दुसऱ्या गिअरलाही थरथर आणि रिव्हर्सलाही थरथर असेल तर तो दुसरा क्लच संपत आलाय असं धरून चाला, मग ‘माउंटिंग ढिलं असेल हो’ असं कोणी कितीही गोड बोलून सांगू दे.

विकणारा ट्रायलला हमखास मोकळ्या हायवेवर नेतो, तिथे काही म्हणजे काही कळत नाही!! तुम्ही गोव्यातल्या पर्वरीसारख्या ट्रॅफिकमध्ये घाला, चांगला अर्धा तास. हे क्लच कोरडे, तेलात नसतात, सरकत सरकत चालवलं की तापतात आणि मग खरं रूप दिसतं. तशीच तापलेली गाडी पणजीतल्या आल्तिनोसारख्या चढावर न्या, थांबवा, ब्रेक हळू सोडा. जळका वास, झटका, डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकणं, यातलं एक जरी दिसलं तरी नमस्कार करून निघायचं.

गाडीच्या कॉम्प्युटरचं स्कॅन ट्रायलनंतरच करा, आधी नाही, कारण त्यात साठलेले बिघाडाचे जुने कोड आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात. आणि मेकॅनिकने नुसते इंजिनचे वाचून भागत नाही, ट्रान्समिशनचे पण वाचायला लावा.

मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर आणि क्लच चालवणारा भाग) आणि क्लचचं कोटेशन आधीच घेऊन ठेवा, भाव करताना तो कागद पुढे सरकवायचा. पटलं तर टोकन, पण गाडी नावावर करायच्या आरटीओच्या फॉर्म २९-३० वर सही आणि लोन असेल तर बँकेची एनओसी हातात पडेपर्यंत बाकीचे पैसे देऊ नका.