पिकअपचे कंपनी ब्रेकपॅड किती किलोमीटर चालतात? या चुका टाळा

आमच्या घरात एकाच मॉडेलच्या दोन पिकअप आहेत. एक माझ्याकडे, पाटणहून भाजीपाला भरून कुंभार्ली घाटानं चिपळूणला जाणारी. दुसरी मिरजेच्या चुलतभावाकडे. ती सांगली, तासगाव, कवठेमहांकाळ अशी सपाटीवर फिरते. गाडीसोबत आलेले ब्रेकपॅड माझ्याकडे २६ हजार किलोमीटरला संपले. त्याच्या गाडीला ६० हजार झाले तरी पॅड अजून शिल्लक होते. म्हणून "कंपनीचे पॅड किती चालतात?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, गाडी कुठं चालते आणि किती भरते?

साधारण अंदाज द्यायचाच तर सपाट रस्त्यावर, बेताच्या लोडला ४० ते ६० हजार धरा. रोज घाट आणि गाडी भरलेली असेल तर २५ ते ३० हजारांतच हिशोब संपतो. एवढा फरक का पडतो ते समजून घेतलं तर पुढच्या चुका आपोआप लक्षात येतात.

ब्रेक म्हणजे गाडीचा वेग किंवा उंची उष्णतेत बदलायचं साधन. ३ टन वजनाची भरलेली गाडी १०० मीटर उंची ब्रेकवर उतरली तर जेवढी उष्णता तयार होते, तेवढीत नऊ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. कुंभार्लीच्या त्याच उतारावर कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजगृहात उतरतं आणि त्याची वीज होते. आपली गाडी उतरते तेव्हा त्या उंचीची उष्णता होते, आणि ती सगळी चार चाकांपाशी बाहेर पडायला बघते. वेगाचंही तसंच. ताशी ८० वरून थांबायला ४० च्या चौपट काम ब्रेकला करावं लागतं, दुप्पट नव्हे. हेळवाकच्या पुढं उतार लागल्यावर गाडी मोकळी सोडायची आणि प्रत्येक वळणावर दाबून धरायची, यात पॅड जेवढा झिजतो तेवढा सपाटीवर आठवडाभरात झिजत नसेल.

न्यूट्रल

डिझेल वाचतं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणारे आजही भेटतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण यात काहीच वाचत नाही. आताच्या डिझेल इंजिनात गिअर टाकलेला आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असला की डिझेलचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलला मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवायला डिझेल घेतं. शिवाय इंजिन गाडी धरून ठेवायचं थांबतं आणि सगळा भार पॅडवर येतो. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद असेल तर दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. दाबून वेग उतरवा, सोडा, गार होऊ द्या.

बाहेरचा पॅड बघून समाधान मानणं

ही माझी स्वतःची चूक, आणि महागात पडलेली. २० हजारांच्या सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा चाकाच्या फटीतून बघून सांगितलं गेलं की पॅड निम्म्याहून जास्त आहेत. मीही मान डोलावली. पुढं डाव्या चाकातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला, तो मी धुळीवर ढकलला. खरं तर अनेक पॅडना एक पातळ पत्री बसवलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीला घासून आवाज करते, म्हणजे तो आवाज इशाराच असतो. नंतर किंचाळणं जाऊन खरखर सुरू झाली तेव्हा मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी चाक उतरवलं आणि म्हणाले, "मालक, बाहेरचा चार मिलिमीटर आहे, पण आतला बघा, नुसता पत्रा डिस्कवर घासतोय."

कारण होतं कॅलिपरच्या पिना. कॅलिपर म्हणजे दोन्ही बाजूंनी पॅड डिस्कवर दाबणारा भाग. त्या पिनांवर कॅलिपर पुढं-मागं सरकतो. रबर फाटून आत पाणी-चिखल गेला, पिना गंजून जाम झाल्या, आणि आतला पॅड एकट्यानंच काम करत राहिला. पॅडसोबत डिस्कही बदलावी लागली. पिना साफ करून, उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस लावून बसवल्यावर पुढचा सेट त्याच घाटात ३० हजार गेला. म्हणून दर १० हजारांना चाक उतरवून दोन्ही बाजूंचे आतले-बाहेरचे, चारही पॅड बघा. नव्या पॅडचं घासणारं मटेरियल साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं. ३ वर आलं की बदला. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते, तीही मोजून घ्या.

ब्रेक ऑइलची पातळी उतरली की लगेच वर टाकायची सवयही अशीच फसवते. पॅड झिजला की कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो, त्यामागची जागा ऑइलनं भरते आणि डब्यातली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे पातळी आधी पॅडची तब्येत सांगत असते. पॅड बघा, गळती बघा, मगच ऑइल टाका.

तेच ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि पाटण-कोयनेकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा? कोरडं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण ओलावा घेतल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. घाटात ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फरशीला टेकतं. पॅड नवे असले तरी. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलून नळीतली एअर (हवा) काढून घ्या.

मागचं विसरणं

बहुतेक पिकअपना पुढं डिस्क आणि मागं ड्रम असतो. मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, सैल राहिले की पेडल खाली जातं आणि पुढचे पॅड जास्त राबतात. बऱ्याच गाड्यांना मागच्या ॲक्सलजवळ लोडप्रमाणे ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्हही असतो. गाडी मागून किती खाली बसली यावरून त्याला लोड कळतो. जादा माल भरायला पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले की भरलेली गाडीही उंचच राहते. व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. म्हणजे वजन वाढलं आणि ते थांबवायचं काम पुढच्या पॅडवर आलं. परवानगीपेक्षा जास्त भरूच नका. पाटे बदललेच असतील तर तो व्हॉल्व्ह जाणकाराकडून सेट करून घ्या.

घाट उतरल्या उतरल्या गाडी धुवायला लावू नका, तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी होऊ शकते आणि मग पेडल थरथरतं. एकाच चाकाचे पॅड बदलू नका, गाडी एका बाजूला ओढते. आणि नवे पॅड टाकल्यावर पहिलीच ट्रिप भरून घाटात नेऊ नका. मी रिकामी गाडी पाटण-कराड रस्त्याला काढतो, ताशी ५० वरून १५ पर्यंत हळूहळू वेग उतरवतो, गार होऊ देतो, असं पंधरा-वीस वेळा. परत आलो की चारही पॅडची जाडी आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवतो. पुढच्या १० हजारांना किती मिलिमीटर गेले ते कळलं की हा सेट कधी संपणार, हे माझं मलाच कळतं.