उन्हाळी भटकंतीची सॅक: कपडे आणि पादत्राणे

उष्ण आणि दमट प्रदेशात पाठीवर सॅक घेऊन हिंडायचे असेल, तर कपड्यांची संख्या सहलीच्या दिवसांवरून ठरवू नये. कपडे किती वेळात वाळतात, यावरून ती ठरवावी. रात्री धुतलेला शर्ट सकाळी अंगात घालता येत असेल, तर आठवड्याच्या आणि महिन्याच्या भटकंतीला जवळपास सारखेच कपडे लागतात. तो वाळत नसेल, तर कितीही कपडे घेतले तरी थोड्याच दिवसांत कुबट वासाची ओली पिशवी पाठीवर वाहणे नशिबी येते. या बाबतीत मुंबईकरांची एक सोय आहे, ती म्हणजे गोकर्ण, केरळ, श्रीलंका किंवा थायलंड येथे जी हवा भेटणार, तिची बहीण आपल्या घरातच नांदत असते. म्हणून न्यायचा प्रत्येक कपडा आधी घरी तपासून घ्यावा. रात्री दहाच्या सुमारास तो हाताने धुऊन, पिळून, खोलीत पंख्याखाली दोरीवर टाकावा आणि सकाळी सहा वाजता शिवणी, कॉलर व खिशांची आतली बाजू चाचपून पाहावी. कापड कोरडे पण शिवण ओली, असे पुष्कळदा आढळते आणि वास नेमका तिथूनच सुरू होतो.

या परीक्षेत जीन्स हमखास नापास होते. ती वजनाला जड, भिजली की आणखी जड आणि वाळायला आळशी असते. तिच्याऐवजी पातळ कापडाची, सैल, खिशांना चेन असलेली पँट घ्यावी. जाड होजिअरीचे टीशर्टही मागेच ठेवावेत. सुताचा धागा घाम शोषून धरून ठेवतो. पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी फारसे पीत नाही, म्हणून तो लवकर वाळतो, पण त्याला घामाचा वास लवकर चिकटतो. दिवसभर चालण्यासाठी पॉलिस्टरचे दोन टीशर्ट आणि संध्याकाळी व झोपताना घालायला मलमलीसारख्या पातळ सुती कापडाचा एक सदरा, ही वाटणी मला सर्वांत योग्य वाटते. हंपीसारख्या कोरड्या उन्हात मात्र गणित उलटते; तिथे घामाने किंचित ओलावलेला सैल सुती शर्टच अंगाला गारवा देतो आणि धुतल्यावर तासा-दोन तासांत वाळतोही.

अंगावरचे धरून तीन-चार वरचे कपडे, दोन पँट, एक अर्धी चड्डी, आतल्या कपड्यांचे चार जोड आणि मोज्यांचे तीन जोड एवढ्यात काम भागते. वरच्या कपड्यांपैकी एक पूर्ण बाह्यांचा आणि फिकट रंगाचा असावा, कारण दुपारचे ऊन आणि संध्याकाळचे डास या दोहोंना तोच पुरा पडतो. स्पोर्ट्स ब्रा निवडताना जाड पॅडची टाळावी. पंख्याखालच्या परीक्षेत सर्वांत उशिरा वाळणारी वस्तू बहुधा तीच ठरते. देवळांचा विचारही आधीच करावा. बँकॉकच्या राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, आणि तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना शर्ट काढून मुंडू (केरळी धोतर) नेसूनच आत जावे लागते. सॅकमध्ये लुंगी किंवा मोठी ओढणी असली, तर अशा बहुतेक ठिकाणी वेळ निभावते आणि कोकणकन्येच्या एसी डब्यात वरच्या बर्थवर पांघरायलाही तीच होते. उष्ण प्रदेशात थंडी वाजते ती अशा डब्यांत आणि रात्रीच्या एसी बसमध्येच. त्यासाठी जाड स्वेटर न घेता एक पातळ विंडचीटर घ्यावा.

टर्किशचा टॉवेल घेऊ नये, पंचा घ्यावा. तो घडी केल्यावर मुठीत मावतो, काही तासांत वाळतो आणि धुतलेला शर्ट त्यात गुंडाळून पिळला तर शर्टातले उरलेले पाणीही शोषून घेतो. धुण्यासाठी साबणाची अर्धी वडी, बारीक दोरी आणि चार चिमटे पुरतात.

पादत्राणांचे फक्त दोन जोड न्यावेत: चालायचे बूट आणि मागे पट्टा असलेले फ्लोटर्स. प्रवासात बूट पायात घालावेत, म्हणजे त्यांचे वजन सॅकवर पडत नाही. उन्हाळ्यासाठी वॉटरप्रूफ बुटांचा आग्रह धरू नये, कारण ते घाम कोंडून ठेवतात आणि वरून पाणी शिरले की तेही आतच साठवतात. जाळीच्या कापडाचे, खाचदार रबरी तळाचे हलके बूट अधिक सोयीचे. उन्हात आणि चालून पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी, न्यायचेच मोजे घालून विकत घ्यावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे ना, हे पाहावे. नवे बूट निदान दोन आठवडे रोज घालून फिरावे. जिथे ते चावतात, ती जागा दादरच्या जिन्यावर कळलेली बरी.

कपाटात दोन-तीन पावसाळे पडून राहिलेल्या बुटांवर मात्र विश्वास टाकू नये. बऱ्याच बुटांच्या तळातला पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने, न वापरताही, हळूहळू कुजतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारा तळ पहिल्याच चढावर सुटून हातात येतो. बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहावा, मधल्या थरात भेगा दिसतात का किंवा भुगा पडतो का, ते तपासावे. नुसता डिंक सुटला असेल, तर स्टेशनबाहेरच्या मोच्याकडून कडेने शिलाई मारून घेतल्यास बूट आणखी बरेच दिवस टिकतो. पण फोम भुसभुशीत झाला असेल, तर त्या शिलाईचे पैसे वाया गेले म्हणून समजावे.

मोजे निव्वळ सुती नसावेत, कारण ओल्या सुती मोज्यात कातडी मऊ पडून फोड येतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मुक्कामावर पोहोचताच बूट-मोजे काढून पाय धुवावेत, पंचाने बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत आणि फ्लोटर्स घालावेत. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत. मांड्या घासून सोलवटत असतील, तर जांघेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी तंग चड्डी पँटच्या आत घालावी.

देशांतर्गत विमानात केबिनमध्ये साधारणतः ७ किलोपर्यंतच सामान नेता येते, आणि ३५ ते ४० लिटरची सॅक वरच्या यादीनंतरही या मर्यादेत बसते. कपड्यांच्या गुंडाळ्या करून त्या आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भराव्यात, कारण सॅकचे रेनकव्हर पाठीच्या बाजूने येणारे पाणी अडवत नाही. जड वस्तू पाठीलगत, विंडचीटर आणि पंचा सर्वांत वर, आणि ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवी वेगळी ठेवावी. “असू दे, लागेल” असे म्हणून घरातल्या मंडळींनी वर ठेवलेला जास्तीचा जोड त्यांच्यादेखत न काढता निघायच्या दिवशी सकाळी काढावा.