खिडक्या वाढवून रांग कमी होत नाही : सरकारी दवाखाना सुधारताना या चुका टाळा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फाइव्ह-एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पाच पायऱ्यांची जपानी पद्धत) आणि कायझेन (थोडी थोडी, पण सतत सुधारणा) हे शब्द फिटरच्याही तोंडी असतात. तेच आता सरकारी दवाखान्यांत आलेत. यायलाच हवेत. पण कारखान्यात माल आपल्या हिशोबाने येतो, दवाखान्यात माणसं त्यांच्या वेळेने येतात. हे विसरलं की घोटाळे सुरू होतात.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे जिथे रांग दिसली तिथेच खिडकी वाढवणं. केसपेपरच्या दोन खिडक्यांच्या चार केल्या की लोक भराभर पुढे सरकतात आणि डॉक्टरांच्या दारात तुंबतात. एक डॉक्टर, रुग्णामागे 3 मिनिटं, म्हणजे तासाला 20 रुग्ण. सकाळी 9 वाजता 60 जण उभे असतील तर शेवटच्याचे बारा वाजणारच, खिडक्या चार असोत की चाळीस.

दिवसाच्या सरासरीवरही जाऊ नका. पेठ-सुरगाण्याकडची माणसं एसटीने येतात. गाडी लागली की लोंढा, मग सामसूम. परतीची गाडी चुकू नये म्हणून कितीतरी जण रिपोर्ट न घेताच उठतात. म्हणून आठवडाभर प्रत्येक केसपेपरवर तीन वेळा लिहा : आल्याची, डॉक्टरांनी पाहिल्याची, औषध मिळाल्याची. सगळ्यांत मोठं अंतर जिथे, तिथे हात घाला. मधुमेहाच्या जुन्या रुग्णांची तपासणी ठरलेलीच असते, त्यांचं रक्त डॉक्टरांकडे पाठवण्याआधीच घेता येतं. एवढ्यानेही त्यांचा एक फेरा वाचतो.

सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठीची ‘कायाकल्प’ योजना 2015 पासून आहे, पण काही ठिकाणी तिचा अर्थ पाहणीच्या आदल्या रात्रीची रंगरंगोटी एवढाच उरलाय. फाइव्ह-एसमधला पाचवा एस, शित्सुके, म्हणजे अंगवळणी पडलेली शिस्त. ती डिस्टेंपरने येत नाही. एका दवाखान्यात इमर्जन्सी ट्रे सुरेख लेबलं लावून कपाटात ठेवला होता. कपाटाला कुलूप, किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरकडे! जागा ठरवताना रात्रपाळीला कुणी विचारलंच नव्हतं. वॉर्डातल्या मावशींनाही विचारा, कुठली वस्तू रोज शोधावी लागते ते त्यांना नेमकं माहीत असतं.

औषधांत ‘आधी आलं ते आधी द्या’ हा नियम पुरत नाही. ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्या. आणि साठा संपल्यावर मागणी करू नका. रोज 200 गोळ्या लागतात आणि माल यायला 15 दिवस लागतात, तर शिल्लक 3,000 वर येण्याआधीच मागणीपत्र गेलं पाहिजे. पावसाळ्यात थोडं आणखी आधी.

उरला आकड्यांचा हट्ट. ‘ओपीडी वाढवा’ म्हटलं की ओपीडी वाढते : रक्तदाबाच्या रुग्णाला महिन्याऐवजी आठवड्याच्याच गोळ्या द्यायच्या, तो बिचारा चार वेळा येतो. त्यापेक्षा महिनाअखेरीस किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला ते मोजा.